खैराचा कात, कातकऱ्यांची खैर

आमच्या घरात 'खैर' हा शब्द दोन वाटांनी आला. एक वाट अरबीतली. तिथे खैर म्हणजे भले, कुशल. 'आता तुझी खैर नाही' असे आपण दटावतो, तो हाच शब्द. दुसरी वाट संस्कृतातल्या 'खदिर'पासून निघून कोकणच्या रानात पोचली. तिथे खैर म्हणजे काटेरी झाड. माझी दादी दुवा द्यायची पहिल्या खैरची आणि पानाला लावायची दुसऱ्या खैराचा कात! कवी म्हणून मला हे शब्दांचे जुळे फार आवडते. पण आज बोलायचे आहे ते झाडाविषयी आणि त्याच्या माणसांविषयी.

खैराची थोरवी जुनी. ऋग्वेदात रथाच्या संदर्भात त्याच्या गाभ्याचा उल्लेख येतो. यज्ञातला यूप या लाकडाचाही करीत. आयुर्वेदाने त्वचारोगांवर त्याला मानाचे स्थान दिले. खदिरारिष्ट आजही दुकानात मिळते. शेतकऱ्याला खैर ठाऊक तो मुसळासाठी आणि औतासाठी. त्याचा गाभा इतका चिवट, की वाळवीही सहसा नादी लागत नाही.

याच तांबड्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यात उकळायच्या, अर्क आटवायचा, थंड होऊ द्यायचा. थिजतो तो कात. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने खंबायतच्या व्यापारात त्याची नोंद केली. 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने कातावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. नाचणीचे पीठ मिसळून त्याच्या वड्या करतात, हेही त्याने टिपले. युरोपातल्या औषधविक्रेत्यांनी मात्र ही तांबूस ढेकळे पाहून तिला चक्क 'जपानी माती' म्हटले! 1803 मध्ये हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने मुंबईचा आणि बंगालचा कात तपासला. मुंबईच्या कातात निम्म्याहून अधिक टॅनिन निघाले. चामडे कमावायला, कापड रंगवायला, मासेमारीची जाळी टिकवायला कात जाऊ लागला.

हा कात रानात काढणारे कोण? ठाणे-रायगडच्या डोंगरांतले कातकरी. कात करतात म्हणून कातकरी. काथोडी हे त्यांचे दुसरे नावही त्यावरूनच. 1878 चा वन कायदा आला, जंगले राखीव झाली आणि परवानगीवाचून खैराला कुऱ्हाड लावणे गुन्हा ठरले. पिढ्यांचा धंदा हातचा सुटला. कुणी कोळशाच्या भट्टीवर गेले, कुणी सावकाराच्या शेतावर, कुणी वीटभट्टीवर. दिवाळीनंतर झोपडीला काटी लावून, मुलाबाळांसह भट्टीकडे निघालेली कुटुंबे मी लहानपणापासून पाहत आलो. आगाऊ घेतलेली उचल फेडण्यातच त्यांचा हंगाम सरतो.

आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे 2006 च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच मान्य केले. तरी महाराष्ट्रातल्या तीन अतिदुर्बळ आदिवासी गटांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकऱ्यांचे नाव आहेच.

सोनाराकडे सोने असते, कुंभाराकडे चाक असते. कातकऱ्याकडे कात उरलेला नाही, नुसते नाव उरले आहे. पानाला कात लावताना हे नाव आपण एकदा तरी आठवावे आणि त्यांच्या मुलांची शाळा भट्टीपायी सुटू नये, एवढी तरी खैर मागावी. अरबीतली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)