शेती करणाऱ्या बातमीदाराला पत्रकार संरक्षण कायदा लागू होतो का? काय आहेत अटी, तक्रार कुठे करायची?

जुन्नर/आंबेगाव : मुरूम उपसा, रेशनचा माल, ग्रामपंचायतीचं अर्धवट राहिलेलं काम, असल्या विषयाची बातमी लागली की दुसऱ्या दिवशी बातमीदाराला ‘बघून घेतो’ म्हणून फोन येतो. तालुक्याला हे नवीन नाही. पत्रकारांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. ठाऊक असलं तरी त्यातली मेख माहीत नसते.

पत्रकार व पत्रकारिता संस्थांवरील हिंसाचाराला आळा घालणारं हे विधेयक विधिमंडळानं 7 एप्रिल 2017 रोजी मंजूर केलं. असं करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. राष्ट्रपतींची संमती मिळायला मात्र 2019 उजाडलं. काम करत असताना पत्रकाराला मारहाण केली किंवा कॅमेरा, गाडी, कार्यालय फोडलं तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही. नुकसानभरपाई आणि औषधोपचाराचा खर्चही आरोपीकडून घेता येतो. खोटी तक्रार करणाऱ्या पत्रकारालाही शिक्षा आहे, हेही लक्षात ठेवावं.

फरक कुठे पडतो ते बघा. साधी मारहाण झाली तर ठाण्यात बहुतेक वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद होते. कागद हातात मिळतो, पण कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. समोरचा त्याच दिवशी चौकात उभा दिसतो. हाच प्रकार पत्रकार कायद्याखाली नोंदला गेला तर त्याला जामिनासाठी कोर्टात उभं राहावं लागतं.

आता मेख. ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो एखाद्या माध्यम संस्थेत कायम किंवा कंत्राटी पद्धतीनं नेमलेला आहे, त्यालाच हा कायदा पत्रकार म्हणतो. ओतूर, आळेफाटा, घोडेगाव, मंचर इकडे बातमीदार सकाळी कांद्याला पाणी देतो, दुपारी बिबट्याच्या हल्ल्याच्या ठिकाणी पोचतो आणि संध्याकाळी टोमॅटोचे कॅरेट भरतो. पगार नाही. कुणाला बातमीमागे काही मिळतं, कुणाला जाहिरातीचं कमिशन. नेमणुकीचं पत्र क्वचित. उद्या वकिलानं विचारलं, ‘तुमचा मुख्य धंदा कोणता?’ तर सातबारा त्याच्याच नावावर निघतो. ज्याला मार खाण्याची भीती जास्त, तोच कायद्याच्या उंबऱ्यावर उभा, अशी ही गत आहे.

पोर्टल आणि यूट्यूब चॅनलवाल्यांचं त्याहून अवघड. कायद्यात वृत्तपत्र, वृत्तवाहिनी यांच्याबरोबर बातम्या देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक माध्यम संस्थेचा उल्लेख आहे, त्यामुळे दार अगदीच बंद नाही. पण 1 मार्च 2024 पासून लागू झालेल्या नियतकालिक नोंदणीच्या केंद्रीय कायद्यातही पोर्टलसाठी नोंदणी नाही. काही जण उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावतात. ती उद्योगाची नोंदणी आहे, पत्रकारितेची नव्हे.

मोठ्या शहरातल्या पत्रकारालाच धोका असतो असं नाही. मुंबईत पवईला 11 जून 2011 रोजी ज्योतिर्मय डे यांची गोळ्या घालून हत्या झाली. 2018 मध्ये छोटा राजनला जन्मठेप झाली. शशिकांत वारिशे मात्र राजापूरसारख्या तालुक्याच्या गावातले बातमीदार. 6 फेब्रुवारी 2023 रोजी त्यांच्या दुचाकीला पेट्रोल पंपाजवळ जीपनं धडक दिली, दुसऱ्या दिवशी ते गेले. रिफायनरीच्या जमिनीवरून ते लिहीत होते आणि त्याच दिवशी त्यांची बातमी छापून आली होती. पोलिसांनी पुढे खुनाचं कलम लावलं. छत्तीसगडमध्ये विजापूरचे मुकेश चंद्राकर स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवायचे. रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराच्या बातमीनंतर 3 जानेवारी 2025 रोजी त्यांचा मृतदेह सेप्टिक टँकमध्ये सापडला.

वारिशे यांच्या बाबतीत धडक आणि बातमी यांची सांगड लोकांनी लगेच घातली, कारण बातमी छापलेली समोर होती. म्हणून बातमीदारानं आपली कात्रणं, लिंक आणि तारखा जपून ठेवाव्यात. संपादकाकडून नेमणुकीचं साधं पत्र मागून घ्यावं. त्यात मानधन किंवा कमिशन लिहिलेलं असलं तर उत्तम. पैसे रोख न घेता बँकेत घ्यावेत, म्हणजे पासबुकावर नोंद राहते. ओळखपत्राची मुदत संपलेली नसावी. नुसतं गाडीवर ‘प्रेस’ लिहिलं म्हणजे कोर्टात काही सिद्ध होत नाही.

प्रसंग घडलाच तर आधी 112. मग दवाखान्यात तपासणी आणि जवळचं ठाणं. घटना नारायणगावच्या हद्दीतली असली तरी मंचरला गुन्हा नोंदवता येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तशी सोय आहे. फिर्यादीत ‘बातमीचं काम करत असताना’ हे स्पष्ट लिहून घ्यावं, पत्रकार कायद्याचं नाव सांगावं आणि प्रत मागावी. ती फुकट मिळते. ठाण्यात दाद लागली नाही तर पाषाण रोडवरच्या पुणे ग्रामीण पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी अर्ज पाठवता येतो. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

गावातला एखादा तरुण मोबाईलवर खराब रस्त्याचा व्हिडिओ काढतो, त्याला हा कायदा लागू नाही. तरी बोलण्याचा, दाखवण्याचा हक्क राज्यघटनेच्या 19व्या कलमानं प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. बातमीदाराला मारहाण होताना कुणी चित्रण केलं असेल तर ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून फोनमधून काढून टाकू नये. पुढे पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो. कोर्टात मूळ फाइल, ती ज्या फोनवर आहे तो फोन आणि त्याबद्दलचं प्रमाणपत्र लागतं.