'फार्स' : सारणापासून सोंगापर्यंत

'चौकशीचा फार्स', 'निवडीचा फार्स' हे शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून नित्य वाचावयास मिळतात. त्यामुळे नांदेड-लातूरकडील वर्गांत नाट्यप्रकार शिकविताना आम्हांस असे दिसते की, फार्स म्हणजे पोकळ देखावा, हाच अर्थ विद्यार्थ्यांच्या मनात पक्का असतो. शब्दाचा मूळ अर्थ मात्र याच्या अगदी उलट आहे.

ठासून भरणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द आला. फ्रेंचमध्ये फार्स म्हणजे सारण. मध्ययुगीन फ्रान्समध्ये धार्मिक नाटकांत मधूनच घातल्या जाणाऱ्या विनोदी प्रवेशांना हेच नाव मिळाले. मराठीतही असेच घडले. विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवरा'नंतर (१८४३) पौराणिक नाटके रुळली आणि पुढे त्यांना जोडून छोटे गद्य फार्स होऊ लागले. देवदैत्यांच्या शेजारी भोवतालची माणसे उभी राहिली ती या फार्सांतून.

फार्सला सरसकट 'प्रहसन' म्हणणे आम्हांस पटत नाही. 'मत्तविलास' या सातव्या शतकातील संस्कृत प्रहसनाचा रोख दांभिकांवर आहे. फार्सचा भर प्रसंगांच्या गुंतागुंतीवर व वेगावर असतो. त्याला असंगत नाट्य म्हणणेही चूक, कारण फार्समधील गुंता अखेर सुटतो.

आपल्या भागातील प्रेक्षकाला हे सारण नवे नव्हते. माळेगावच्या यात्रेत तमाशाचे फड उतरतात. तमाशात गणाची भक्ती आणि वगाची कथा यांच्यामध्ये गवळण व बतावणी येते. गवळणीतली मावशी म्हणजे स्त्रीवेषातला पुरुषच. अत्र्यांनी 'चार्लीज आन्ट' (१८९२) या इंग्रजी फार्सवरून 'मोरूची मावशी' लिहिले, तेव्हा ही मावशी मराठी मनाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. बबन प्रभूंच्या 'झोपी गेलेला जागा झाला'ने हा प्रकार शहरी रंगभूमीवर लोकप्रिय केला.

मग भरगच्च शब्द पोकळ कसा झाला? आमच्या मते दुवा सोंगाचा आहे. रंगमंचावर सोंग शेवटी उघडे पडते आणि आपण मोकळेपणाने हसतो. चौकशीच्या फार्समध्ये सोंग पहिल्यापासून सर्वांना ठाऊक असते, तरी ते कोणी उतरवीत नाही. पहिल्याला हलका विनोद म्हणून नाके मुरडणाऱ्या समीक्षेने हा भेद ध्यानात घ्यावा. फार्स शिकणे म्हणजे सोंग ओळखायला शिकणे होय.