उतरत्या पाखांखालचे कोठार

बोईसरच्या आसपासची सरावली, पास्थळ, कोळवडे, कुंभवली ही गावे आज कारखान्यांच्या नावाने ओळखली जातात. परंतु १९७२ च्या सुमारास तारापूर औद्योगिक वसाहतीचा पाया पडला, त्यापूर्वी हा सारा मुलूख भातशेतीचा होता, आणि जे घर भात पिकवते त्याला ते वर्षभर राखावेही लागते, या साध्या कारणामुळे येथील कौलारू घरात ओटी, माजघर व पडवी यांच्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, महत्त्व माळ्याला होते. राजसत्तेच्या धान्यसंग्रहाविषयी आपण पुष्कळ वाचलेले असते. पन्हाळगडावरील अंबरखान्याच्या गंगा, यमुना आणि सरस्वती या कोठ्या पाहून प्रवासी आजही थक्क होतो. रयतेने आपल्या घासभर अन्नाचा बंदोबस्त कोणत्या अक्कलहुशारीने केला, याकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले आहे, आणि मला ही उणीव मनापासून खटकते.

उत्तर कोकणच्या या पट्टीत जो पाऊस पडतो तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, आणि त्याचे पाणी छपरावर क्षणभरही न ठरता पागोळ्यांवाटे खाली जावे म्हणून आढ्यापासून वळचणीपर्यंत दोन्ही पाखांना तीव्र उतार द्यावा लागतो. त्याच पावसात जमिनीला ओल सुटते, भिंती पाझरतात, तळघराची कल्पनाही करवत नाही. अशा स्थितीत तुळयांवर फळ्यांची तक्तपोशी, अथवा ऐपत नसेल तर बांबूची ताटी घालून धान्य वर चढवणे, एवढा एकच मार्ग उरतो. म्हणजे ज्या पावसाने छप्पर उतरते केले, त्यानेच त्या उताराखालच्या पोकळीला कोठाराचे रूप दिले.

ही पोकळी समान उंचीची नसते, आणि माळ्याची सारी व्यवस्था या असमानतेतूनच निघाली. आढ्याच्या बरोबर खाली माणूस ताठ उभा राहू शकतो. तेथे शेणामातीने लिंपलेल्या कणग्या ठेवावयाच्या, कारण कणगीत वरून भात ओतावयाचे आणि वरूनच काढावयाचे, तेव्हा तिच्या तोंडावर ओणवे होण्याइतकी मोकळीक डोक्यावर हवीच. शिवाय भरल्या कणगीचा भार मोठा. तो तुळईच्या मध्यावर न पडता खाली खांब असेल तेथेच पडावा, ही दक्षता सुतार घर उभारतानाच घेत असे. त्याहून खाली, जेथे कंबर वाकवावी लागते, तेथे वालाची व तुरीची मडकी राख घालून, तोंडे बांधून, उतरंडीने रचलेली असत. वळचणीजवळ, जेथे केवळ रांगत जाता येते, तेथे बांबू, नांगराचे जादा लाकूड, इरली अशा ज्या जिनसा वर्षातून एकदाच लागतात त्या आडव्या सरकवलेल्या असत. समुद्राकडच्या तारापूर-चिंचणीच्या बाजूला, मासेमारीच्या घरांत, हीच जागा वल्ह्यांना आणि जुन्या जाळ्यांना मिळे. नैर्ऋत्येकडून येणारी झड ज्या पाखावर आपटते त्याच्याखाली धान्य ठेवावयाचे नाही, हाही एक शिरस्ता होता.

परंतु सर्वांत मानाची जागा चुलीच्या माथ्यावरची. स्वयंपाकघराला धुराडे नसे. धूर तक्तपोशीच्या फटींतून माळ्यावर चढे, वाशांना काळे करी आणि कौलांच्या सांध्यांतून बाहेर पडे. त्या धुराच्या वाटेत पुढील सालचे बियाणे टांगलेले असे, कारण सतत धुरावलेल्या कोरड्या दाण्याला कीड सहसा लागत नाही. मृगाच्या पावसाबरोबर राबात टाकावयाचे हे बी. घरात उपासमार ओढवली तरी त्याला हात लावण्यापूर्वी कुणबी दहा वेळा विचार करी.

आता या व्यवस्थेत शिस्त कोण राखीत होते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हाताने थापलेली नळीची कौले वाशांवर नुसती पालथी-उताणी रचलेली असत. मांजरे, कावळे, वारा यांनी ती वर्षभरात हलत, फुटत, आणि म्हणून दर वैशाखात घर शाकारणे, म्हणजे सारी कौले उतरवून, चाळून, फुटकी बदलून पुन्हा रचणे, हे चुकत नसे. कौले उतरवावयाची तर माळा रिकामा करणे प्राप्तच होते. त्या दिवसांत घराचा सगळा जामानिमा अंगणात येई; कणग्या उलट्या करून उन्हात तापत, उंदरांची बिळे आणि वाळवीची वारुळे उघडी पडत, मोडके ते जळणात जाई, आणि उरलेल्या भाताचा अंदाज घेऊन नवे पीक हाती येईपर्यंत पुरवठा कसा करावयाचा, याची तजवीज तेथेच, उघड्यावर, होई. एका अर्थाने तो घराचा वार्षिक ताळेबंदच होता.

हे वर्णन ज्यांच्या घरी भात शिल्लक राही त्यांचे. याच परिसरातील वारली समाज धान्याला कणसरी या देवतेच्या रूपाने पूजतो. पण त्या समाजातील कित्येक कुळांच्या कुडाच्या घरांत आषाढापूर्वीच कणगीचा तळ दिसू लागे, आणि मग सावकाराच्या माळ्यावरून खावटी उतरे, जी सुगीत सवाईने वा दिढीने परत त्याच माळ्यावर चढे. ज्याने भात पिकवले तोच शिडीखाली टोपली घेऊन उभा राहतो, ही वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालली. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागात गोदावरी परुळेकर व त्यांचे सहकारी यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध जो उठाव केला, त्याची कारणे सांगताना जमीन, जंगल आणि मजुरी यांबरोबर या कोठारांचाही उल्लेख झाला पाहिजे. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन यांनी अनेक कुळांचा जमिनीवरील हक्क कागदावर आणला; काही घरांच्या माळ्यांवर स्वतःच्या मालकीचे भात चढले, ते त्यानंतर.

कौलांतही पालट झाला. बाझल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे सुरू केलेल्या कारखान्यातून एकमेकांत अडकणारी चपटी कौले निघू लागली आणि कालांतराने कोकणभर पसरली. ती सहसा हलत नाहीत. त्यामुळे दरसालची शाकारणी सुटली, आणि तिच्याबरोबर माळा रिकामा करण्याचा प्रसंगही. सोय झाली हे खरेच; पण माझ्या मते घरोघरचे माळे अडगळीचे झाले ते तेव्हापासून. ज्याला कोणी खाली उतरवीत नाही ते वर साचतच जाते.

या साचण्याचा एक उपकारही नोंदला पाहिजे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली, ती गावोगावच्या घरांत पेटाऱ्यांत आणि रुमालांत पडून असलेल्या मोडी कागदांच्या आधारे. वाळवी, उंदीर आणि गळते छप्पर यांतून जेवढे वाचले तेवढाच आपला इतिहास शिल्लक राहिला.

सरावलीत आता चाळी आणि इमारती झाल्या आहेत. पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली, दारावरच्या हातभर रुंद फळीवर, परगावाहून आलेले कामगार कुटुंब आपली ट्रंक आणि गाद्या ठेवते. जी थोडी कौलारू घरे आजूबाजूच्या पाड्यांवर उरली आहेत, त्यांच्या मालकांना माझे एवढेच सांगणे आहे की, छपराला हात लावण्याचे कारण नसले तरी वैशाखात एकदा माळा संपूर्ण खाली उतरवावा, आणि जड ते खांबावर, नाजूक ते आढ्याखाली, लांब ते वळचणीला, हा क्रम धरूनच सारे पुन्हा वर चढवावे; आणि मोडी लिहिलेला एखादा कागद सापडला तर तो जळणात न टाकता जाणकाराला दाखवावा.