चढावरचा हिशेब

वर्गात गिअरच्या सायकलचा विषय निघाला, की एक प्रश्न जरूर विचारून पाहावा. चढावर हलका गिअर घेतला, तर आपल्याला काम कमी करावे लागते का? बहुतेक मुले चटकन 'हो' म्हणतात. उत्तर मात्र 'नाही' असे आहे. तेच वजन तेवढ्याच उंचीवर न्यायचे असेल, तर कामही तेवढेच करावे लागणार. मग गिअर नेमके काय करतो?

या साध्या प्रश्नावरून फ्रान्समध्ये सुमारे पस्तीस वर्षे वाद चालला. वादाच्या एका बाजूला शर्यती भरवणारे होते. दुसऱ्या बाजूला होते सुटीत सायकलवरून गावोगाव भटकणारे हौशी प्रवासी. आज सायकलवर जे गिअर दिसतात ते शर्यतींसाठीच शोधले गेले असावेत, असा आपला समज असतो. प्रत्यक्ष इतिहास जवळजवळ उलटा आहे.

या इतिहासातला मुख्य माणूस म्हणजे पॉल द विव्ही. जन्म १८५३ चा, दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न-ले-फाँतेन या गावचा. व्यवसाय रेशमाचा. त्यानिमित्ताने ते सेंत-एतिएन या शहरात राहत होते. हे शहर कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फितींसाठी प्रसिद्ध होते. १८२७ मध्ये फ्रान्समधला पहिला लोहमार्ग सुरू झाला तो इथूनच, कोळसा वाहून नेण्यासाठी. त्यावरच्या गाड्या सुरुवातीला घोडे ओढत. लोखंड कापणारे, घासणारे, जोडणारे कुशल कारागीर गल्लोगल्ली असलेल्या या शहरात सायकल आली आणि रुजली, यात नवल नाही.

विव्ही यांनी १८८१ मध्ये पहिली सायकल घेतली. ती पुढचे चाक अवाढव्य आणि मागचे चिमुकले अशी उंच सायकल होती. छंद इतका वाढला की १८८७ मध्ये त्यांनी रेशमाचा धंदा विकला, सायकलचे दुकान काढले आणि एक मासिकही सुरू केले. 'ल सिक्लिस्त' हे त्याचे पुढे रूढ झालेले नाव. त्यात ते 'वेलोसिओ' या टोपणनावाने लिहीत आणि याच नावाने फ्रान्स त्यांना ओळखू लागला. सायकलवरून करायच्या पर्यटनासाठी फ्रेंच भाषेत आज वापरला जाणारा 'सिक्लोतूरिझम' हा शब्द रूढ करण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते.

आता थोडे यंत्राकडे पाहू. उंच सायकलचे पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असत. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाकाचा व्यास १.४ मीटर असेल, तर एका फेऱ्यात सायकल सुमारे ४.४ मीटर पुढे जाई. जास्त वेग हवा तर चाक आणखी मोठे हवे. पण चाक किती मोठे असावे हे स्वाराच्या पायांच्या लांबीवर ठरे. इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली यांची साखळीची 'रोव्हर' सायकल आली आणि हे बंधन सुटले. पुढच्या आणि मागच्या दातेरी चाकांचे दाते बदलले, की एका फेऱ्यातले अंतर हवे तसे ठरवता येऊ लागले. मात्र कारखान्यात एकदा ठरलेले अंतर रस्त्यावर बदलता येत नव्हते. सपाटीला, उताराला आणि घाटाला तोच एक गिअर.

सेंत-एतिएनच्या दक्षिणेला 'कोल द ला रेप्युब्लिक' नावाची ११६१ मीटर उंचीची खिंड आहे. गावातून निघालेला रस्ता सुमारे बारा किलोमीटरमध्ये सहाशे मीटर चढतो, म्हणजे शंभर मीटरला सरासरी पाच मीटर. या चढावर १८८९ मध्ये विव्हींना त्यांच्याच मासिकाच्या एका वाचकाने मागे टाकले, तेही तोंडात पाइप धरून, अशी एक हकिकत सांगितली जाते. वेग वाढवावा तर विव्हींच्या सायकलला एकच गिअर. तिथून त्यांनी गिअर बदलण्याचा ध्यास घेतला, असे म्हणतात.

हकिकत बाजूला ठेवून हिशेब करून पाहू. स्वार आणि सायकल मिळून वजन ९० किलो धरू. घर्षण आणि वारा सोडून देऊ. सहाशे मीटर उंची गाठायला सुमारे ५.३ लाख ज्यूल काम लागते. शंभराला पाच या चढावर सायकलला मागे खेचणारे बल सुमारे ४४ न्यूटन, म्हणजे साडेचार किलो वजनाइतके असते. आता आपली नेहमीची बिनगिअरची सायकल घ्या. पुढे ४४ दाते, मागे १८ आणि मागच्या चाकाचा परीघ २.२ मीटर असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे ५.४ मीटर जाते. पायडलचा दांडा १७ सेंटिमीटरचा असेल, तर त्याच फेऱ्यात पाऊल फिरते ते फक्त १.०७ मीटर. तरफेच्या नियमाप्रमाणे पायडलवर पाचपट बल लावावे लागते : सरासरी साडेबावीस किलो वजनाइतके. पाय मुख्यतः खाली जाताना जोर लावतो, म्हणून प्रत्यक्ष दाब कमाल जागी याहून बराच जास्त असतो. ताशी आठ किलोमीटर वेगाने चढायचे, तर मिनिटाला २५ फेरे होतात.

आता दाते असे बदलू, की एका फेऱ्यात सायकल २.५ मीटरच जाईल. त्याच वेगाला मिनिटाला ५३ फेरे मारावे लागतील. पण पायडलवरचे सरासरी बल साडेदहा किलोवर येईल. बारा किलोमीटरच्या चढाला पहिल्या सायकलवर सुमारे २२०० फेरे लागतात, दुसरीवर ४८००. पहिलीत प्रत्येक फेऱ्याला २३८ ज्यूल काम, दुसरीत ११०. गुणाकार करून पाहा, एकूण काम तेवढेच येते. गिअर काम कमी करत नाही, ते अधिक हप्त्यांत वाटून देतो.

पण शरीराला हे दोन्ही हिशेब सारखे नसतात. स्नायू फार हळू आणि फार जोराने आवळावा लागला, तर लवकर दमतो. आवळलेल्या स्नायूतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि लवकर थकणारे तंतू कामाला लागतात. स्नायूचे बल आणि त्याच्या आकुंचनाचा वेग यांतला संबंध ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून समीकरणात मांडला. विव्हींजवळ हे समीकरण नव्हते. त्यांच्याजवळ होते स्वतःचे पाय, घड्याळ आणि मासिकाचे वाचक.

त्यांनी आधी दोन वेगवेगळ्या दातेरी चाकांवर साखळी हाताने उचलून बसवायला सुरुवात केली. पुढे सायकलच्या दोन्ही बाजूंना एकेक साखळी लावून पाहिली. हळूहळू सेंत-एतिएनच्या कारागिरांमधून, चालत्या सायकलवर साखळी एका चाकावरून शेजारच्या चाकावर ढकलणारी यंत्रणा पुढे आली. तिला फ्रेंचांनी 'देरायर' म्हटले, म्हणजे रुळावरून घसरवणारा. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला 'डिरेलर' तो हाच. 'ल सिक्लिस्त'मध्ये वाचक आपल्या सहलींची वर्णने पाठवत. कोणत्या चढाला कोणता गिअर घेतला, काय मोडले, वाटेत काय खाल्ले याची चर्चा होई. एकाने मांडलेले दुसऱ्याने आपल्या रस्त्यावर तपासायचे, अशी ही पद्धत होती.

या प्रयोगशाळेची व्याप्ती पाहायची, तर विव्हींच्या आवडत्या दक्षिणेच्या वाटेने जाऊ. खिंड ओलांडून उतरले, की आनोने हे गाव लागते. माँगोल्फिए बंधूंनी १७८३ मध्ये आपला गरम हवेचा फुगा लोकांसमोर उडवला तो इथे. मार्क सेगँ हेही याच गावचे. त्यांनी १८२५ मध्ये ऱ्होन नदीवर तारेच्या दोरांचा झुलता पूल बांधला. पुढे नदीच्या काठाने दक्षिणेकडे गेल्यावर ओरांजचे रोमन नाट्यगृह आणि आव्हिन्याँचा चौदाव्या शतकातला पोपचा राजवाडा. तिथून थोडे पश्चिमेला 'पाँ द्यु गार' हा तीन मजली कमानींचा, सुमारे ४९ मीटर उंच रोमन जलसेतू. नीम शहराला पाणी नेणाऱ्या पन्नास किलोमीटरच्या कालव्याचा हा एक भाग. एवढ्या अंतरात कालवा उतरतो फक्त साडेबारा मीटर, म्हणजे किलोमीटरला पंचवीस सेंटिमीटर! कोल द ला रेप्युब्लिकचा चढ याच्या दोनशेपट आहे. पाण्यासाठी रोमनांनी उतार जपला. सायकलवाल्याला मात्र रस्ता असेल तसा घ्यावा लागतो, म्हणून त्याला यंत्र बदलावे लागले. अशा दीर्घ सहली विव्ही म्हातारपणापर्यंत करत राहिले. ते शाकाहारी होते. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, पार थकेपर्यंत ताणू नये आणि दुसऱ्याला दाखवण्यासाठी पायडल मारू नये, असा त्यांचा प्रवाशांना सल्ला असे.

'तूरिंग क्लब द फ्रांस' ही १८९० मध्ये स्थापन झालेली संस्था. तिने १९०२ मध्ये पिरेनीज पर्वतात, २११५ मीटर उंचीच्या तूरमाले खिंडीच्या रस्त्यावर पर्यटनाच्या सायकलींची चाचणी घेतली. तिथे मार्थ हेस ही स्त्री तीन गिअरच्या सायकलवर उतरली आणि तिने तो डोंगराळ मार्ग पूर्ण केला. यंत्राच्या बाजूने इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

पण पुरावा मिळाला म्हणजे मत बदलते असे नाही. आंरी देग्रांज हे त्या काळचे वजनदार क्रीडा संपादक. त्यांनी स्वतः १८९३ मध्ये तासाभरात ३५.३२५ किलोमीटर सायकल चालवून विक्रम केला होता. त्यांचे म्हणणे असे, की बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत. तरुणांनी स्नायूंच्या बळावर जिंकावे. १९०३ मध्ये त्यांनी 'तूर द फ्रांस' ही शर्यत सुरू केली. पहिल्याच वर्षी ती कोल द ला रेप्युब्लिकवरून गेली. पुढे अनेक वर्षे या शर्यतीतले व्यावसायिक स्वार घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक सोडवून उलटे बसवत आणि त्याच्या दुसऱ्या बाजूचे जास्त दात्यांचे चाक वापरून चढू लागत. सुटीत भटकणाऱ्या कारकुनाच्या सायकलला डिरेलर असे. देशातल्या अव्वल स्वाराला तो वर्ज्य होता.

देग्रांज यांचा मुद्दा खेळ म्हणून चुकीचा नव्हता. शर्यतीचे नियम कोणी कसेही ठरवू शकतो. चूक होती ती गिअरला लबाडी समजण्यात. सहाशे मीटर चढणाऱ्याने ५.३ लाख ज्यूल काम केलेलेच असते, मग तो पंचविशीचा असो वा साठीचा, पुरुष असो वा स्त्री. एकच गिअर सर्वांना ठेवणे हे वरवर समान वाटते. प्रत्यक्षात त्यातून मूठभर दणकट तरुणांची निवड होते आणि बाकीचे कमी कष्टाळू ठरतात.

दिजाँच्या ल्युसियँ ज्युई यांनी १९२८ मध्ये 'सिंप्लेक्स' हा डिरेलर बाजारात आणला आणि अशा यंत्रणा कारखान्यांत मोठ्या संख्येने बनू लागल्या. १९३६ मध्ये प्रकृतीमुळे देग्रांज बाजूला झाले. १९३७ मध्ये जाक गोदे यांच्या व्यवस्थापनाखाली तूर द फ्रांसमध्ये डिरेलरला मुभा मिळाली. त्या वर्षी रोजे लापेबी हे डिरेलर वापरून जिंकले. याच सुमारास, जून १९३६ मध्ये, फ्रान्समध्ये कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा झाला. त्या उन्हाळ्यात हजारो कामगार कुटुंबे सायकलींवर आणि दोघांच्या टँडेमवर सामान बांधून पहिल्यांदाच आपला देश पाहायला निघाली. हिशेब कागदावर सुटला होता, त्याचा लाभ आता बेतशीर पगाराच्या लोकांपर्यंत पोचू लागला.

विव्हींनी हे पाहिले नाही. फेब्रुवारी १९३० मध्ये सेंत-एतिएनच्या रस्त्यावर ट्रामचा धक्का लागून ते वारले. त्यांच्या नावाने खिंडीवर सायकलस्वारांचा मेळावा भरू लागला होता तो त्यांच्या हयातीतच, १९२२ मध्ये. दूर पल्ल्याच्या या परंपरेचा एक धागा आपल्यापर्यंतही आला आहे. १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेली सुमारे १२०० किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सायकलफेरी आता चार वर्षांतून एकदा होते आणि ती हौशी स्वारांना ९० तासांच्या आत पूर्ण करायची असते. तिच्या पात्रतेच्या २०० ते ६०० किलोमीटरच्या फेऱ्या पुणे-मुंबई परिसरातही होतात, आणि इथले स्वार फ्रान्सला जातात.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. शाळेत मुले ज्या सायकलींवर येतात त्यांतल्या चार-पाच घ्या. एका पायडलला खडूने खूण करा आणि ते अगदी खाली आणा. मागच्या चाकाच्या टेकणीशी जमिनीवर रेघ ओढा. सायकल पुढे ढकलत पायडलचा एक फेरा पूर्ण होऊ द्या, दुसरी रेघ ओढा आणि अंतर मोजा. मग दाते मोजून आणि चाकाचा परीघ काढून गणिताने आलेल्या उत्तराशी ते ताडून पाहा. पायडलच्या दांड्याची लांबी मोजली, की पावलाने कापलेले अंतरही कळेल. या दोन आकड्यांवरून शाळेजवळच्या चढावर कोणाला किती जोर लावावा लागेल, हे मुले स्वतः सांगू शकतील. त्या चढावर रोज सायकल हातात धरून चालत येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हा हिशेब फळ्यावर मांडायला सांगा. मग सुरुवातीचा प्रश्न पुन्हा एकदा विचारा.