क्लाउड गेमिंग

क्लाउड गेमिंग : व्हिडिओ गेम खेळाडूच्या स्वतःच्या यंत्रावर न चालवता दूरच्या विदाकेंद्रातील, म्हणजे प्रचलित भाषेत डेटा सेंटरमधील, संगणकावर चालवून त्यातून निर्माण होणारे चित्र व ध्वनी इंटरनेटवाटे अखंड प्रवाहाच्या रूपाने खेळाडूच्या पडद्यावर आणण्याची, आणि खेळाडूने दाबलेल्या कळीचा हुकूम उलट दिशेने त्या संगणकापर्यंत पोहोचविण्याची पद्धती. खेळाडूजवळ केवळ पडदा, कळफलक अथवा कंट्रोलर, आणि येणारा चित्रप्रवाह उलगडण्याची शक्ती असली की पुरे होते. महागड्या ग्राफिक्स कार्डाचा भार विदाकेंद्र वाहते. आपला खेळ यूट्यूबवर इतरांना दाखविण्यासही ‘गेम स्ट्रीमिंग’च म्हणतात, परंतु तेथे पाहणारा केवळ प्रेक्षक असतो, खेळात त्याचा हात नसतो, म्हणून तो प्रकार प्रस्तुत नोंदीत अभिप्रेत नाही.

स्वरूप : इंटरनेटवरून चित्रपट पाहणे आणि इंटरनेटवरून गेम खेळणे या दोन क्रिया वरवर सारख्या दिसल्या, तरी त्यांच्यात गोदामातला तयार माल आणि मागणी येताच घडविलेली वस्तू यांच्याइतके अंतर आहे. चित्रपट आधीच पूर्ण झालेला असतो. त्यामुळे पुढच्या काही सेकंदांचा साठा प्रेक्षकाच्या यंत्रात अगोदरच करून ठेवता येतो, आणि मधे वाट तुंबली तरी तो साठा संपेपर्यंत रसभंग होत नाही. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणातही काही सेकंदांची पिछाडी पत्करून असा साठा ठेवलेला असतो, म्हणूनच शेजारच्या घरातील जल्लोष कधीकधी आपल्या पडद्यावरील षटकाराच्या आधी ऐकू येतो. खेळाचे मात्र तसे नाही. पुढची चित्रचौकट कशी असावी हे खेळाडूच्या बोटावर अवलंबून असल्याने, कळ दाबली जाईपर्यंत ती चौकट अस्तित्वातच नसते. आणि जी वस्तू अजून घडलेलीच नाही तिचा साठा कोणत्याही गोदामात करता येत नाही.

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील वाचकाला हे तत्त्व निराळे शिकविण्याची गरज नाही. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा, २००९ मध्ये फोक्सवागेन आणि मर्सिडीज-बेंझ यांचा, व त्यापाठोपाठ २०१० मध्ये महिंद्रचा कारखाना चाकण परिसरात सुरू झाला, तेव्हा सुटे भाग पुरविणाऱ्या व्हेंडर मंडळींनी आपापल्या शेड त्यांच्या आसपास उभारल्या. माल साठवून न ठेवता लागेल तेव्हाच लाइनवर आणण्याच्या, ‘जस्ट इन टाइम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पद्धतीत अंतर हेच संकट असते. कारण साठा नसला की पुरवठादाराच्या ट्रकचा तळेगाव चौकातील खोळंबा थेट लाइनवर जाणवतो. क्लाउड गेमिंग ही अशीच साठ्याविना चालणारी लाइन होय; फरक इतकाच, की तिच्यावरून दर सेकंदाला साठ नग बाहेर पडतात.

कार्यपद्धती : खेळाडूने कळ दाबताच तिचा संदेश काही बाइटांच्या लहानशा पुडक्याच्या रूपाने वाय-फाय किंवा मोबाइल मनोऱ्यामार्फत, तेथून प्रकाशतंतूच्या जाळ्यातून, विदाकेंद्राकडे रवाना होतो. तेथे त्या खेळाडूच्या नावे मुक्रर केलेला संगणक, अथवा एका मोठ्या संगणकाचा आभासी विभाजनाने निराळा काढलेला हिस्सा, गेम चालवीत असतो. तो आलेला हुकूम खेळाच्या पुढील आवर्तनात सामील करतो, ग्राफिक्स चिप त्यानुसार नवी चौकट रेखाटते, आणि ही चौकट कोणत्याही पडद्याकडे न जाता त्याच चिपमधील संकोचन-यंत्रणेकडे, म्हणजे एन्कोडरकडे, सोपविली जाते. एन्कोडर तिचे आकारमान घटवितो, तिचे तुकडे पाडून ते पाठवून देतो, आणि खेळाडूचे यंत्र ते तुकडे जुळवून, उलगडून, पडद्यावर मांडते. साठ चौकटींच्या हिशेबाने एका चौकटीच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. एखादी चौकट विलंबाने आली तर तिची वाट पाहण्यापेक्षा तिला टाकून पुढची दाखविणे श्रेयस्कर ठरते. म्हणून हरवलेले पुडके हटकून पुन्हा मागविणाऱ्या टीसीपीऐवजी, पोचपावतीचा आग्रह न धरणाऱ्या यूडीपी या नियमावलीवर ही वाहतूक सामान्यतः चालते.

संकोचन : १९२० × १०८० बिंदूंचा पडदा, प्रत्येक बिंदूस २४ बिट आणि सेकंदाला साठ चौकटी असा गुणाकार केला, तर मूळ चित्रप्रवाह सेकंदाला जवळजवळ ३ गिगाबिट भरतो. घरगुती जोडणीतून इतका ओघ नेणे अशक्यप्राय असल्याने एच.२६४, एचईव्हीसी किंवा एव्ही१ या संकेतपद्धतींनी तो १० ते ३५ मेगाबिटांपर्यंत खाली आणला जातो. या पद्धतींचे मर्म असे, की प्रत्येक चौकट समग्र न पाठविता, मागील चौकटीपासून तिच्यात जे बदलले तेवढेच पाठवावे. चित्रपटाचे संकोचन करणारा मागच्याबरोबर पुढच्याही चौकटींचा आधार घेऊन अधिक काटकसर साधू शकतो. गेमच्या एन्कोडरला पुढची चौकट ठाऊकच नसल्यामुळे ही सवलत मिळत नाही, आणि समान दर्जासाठी त्याला अधिक बिट खर्चावे लागतात. शिवाय एका चौकटीतला दोष तिच्यावर आधारलेल्या पुढच्या चौकटींत पसरतो. तो आवरण्यासाठी चित्राचा एकेक पट्टा क्रमाने नव्याने पाठविणे, सोबत थोडी जादा माहिती धाडून हरवलेला अंश तीवरून परत मिळविणे, आणि वाट अरुंद झालेली दिसताच चित्राचा दर्जा आपसूक उतरविणे, अशा तजविजी केलेल्या असतात. पळापळीच्या प्रसंगी पडद्यावर क्षणभर उमटणारे चौकोनी ठिगळ हे या शेवटच्या तजविजीचे दृश्य फळ होय.

विलंबाचा हिशेब : कळ दाबल्यापासून तिचा परिणाम डोळ्यांना दिसेपर्यंतच्या काळास तांत्रिक परिभाषेत ‘लेटन्सी’ म्हणतात, खेळणारी मुले तिच्या उपद्रवाला ‘लॅग’ आणि तिच्या जाण्यायेण्यातील हिश्शाला ‘पिंग’ म्हणतात. प्रकाश काचतंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर, म्हणजे मिलिसेकंदाला दोनशे किलोमीटर, जातो. त्यामुळे चाकणहून मुंबईस जाऊन येण्यास तत्त्वतः दोन मिलिसेकंदही लागू नयेत. सिंगापूरचे जाणेयेणे मात्र सरळ रेषा धरली तरी चाळिसाच्या आसपास जाते, आणि समुद्रतळावरील केबल सरळ रेषेत कधीच नसते. त्यात मार्गातील राउटरांचे थांबे, एन्कोडर व डीकोडर यांचे काही मिलिसेकंद आणि पडद्याचा स्वतःचा विलंब यांची भर पडते. घरच्या कन्सोलवर खेळतानाही पुष्कळ खेळांत ५० ते १०० मिलिसेकंद जातातच. म्हणून वर आणखी वीस-तीसांची भर बहुतेकांना जाणवत नाही, पत्ते वा बुद्धिबळ खेळणाऱ्याला तर शंभरांचीही जाणवत नाही, पण द्वंद्वाचे खेळ खेळणाऱ्याची बोटे ती ताबडतोब ओळखतात. सरासरी विलंबापेक्षाही त्याचा लहरीपणा अधिक घातक असतो. कारण ठराविक उशिराशी हात जुळवून घेतो, पण क्षणाक्षणाला बदलणाऱ्या उशिराशी नाही.

अंतराचे काळात होणारे हे रूपांतर या प्रदेशाच्या संदेशवहनाच्या इतिहासात पूर्वीच येऊन गेले आहे. १९२७ मध्ये बीम वायरलेसने, म्हणजे एकाच दिशेने रोखलेल्या बिनतारी संदेशवहनाने, हिंदुस्थान विलायतेशी जोडला गेला, तेव्हा प्रेषणकेंद्र खडकीस व ग्रहणकेंद्र दौंडला होते. आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी देशाचे पहिले व्यापारी उपग्रह भूस्थानक चाकणवरूनच पुढे जाणाऱ्या नाशिक रस्त्यावर, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे, विक्रम साराभाई यांच्या नावे कार्यरत झाले. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तेथवर जाऊन खाली येण्यास पाव सेकंद आणि उत्तर मिळण्यास दुसरा पाव सेकंद लागत असे. परदेशी टेलिफोनवर बोलणाऱ्यांनी हा अर्धा सेकंद निमूटपणे सोसला. परंतु त्या अर्ध्या सेकंदात आजच्या गेमच्या तीस चौकटी निघून जातात, आणि म्हणून आर्वीच्या मार्गाने क्लाउड गेमिंग कधीच संभवले नसते.

इतिहास : २००० मध्ये लॉस एंजेलिस येथील ई३ या प्रदर्शनात फिनलंडच्या जी-क्लस्टर कंपनीने या कल्पनेचे प्रात्यक्षिक केले. स्टीव्ह पर्लमन यांच्या ऑनलाइव्ह या सेवेची घोषणा २००९ मध्ये झाली व पुढील वर्षी ती अमेरिकेत सुरू झाली. पण तिला ग्राहकांपेक्षा यंत्रसामग्री फार झाली, आणि २०१५ मध्ये तिचे पेटंट सोनीने घेतल्यावर ती बंद पडली. सोनीने २०१२ मध्येच गायकाय ही दुसरी कंपनी ३८ कोटी डॉलरना विकत घेऊन तिच्या पायावर २०१४ मध्ये प्लेस्टेशन नाऊ उभारले होते. गूगलची स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये आरंभली व जानेवारी २०२३ मध्ये संपुष्टात आली. विकलेल्या खेळांचे पैसे गूगलने परत केले, तरी ज्या खेळाची प्रत आपल्या घरी नाही त्याचे स्वामित्व कितपत आपले, हा प्रश्न त्या निमित्ताने उघड झाला. एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ आणि मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग या सेवा २०२० पासून सर्वसाधारण ग्राहकांस उपलब्ध आहेत.

भारत व पुणे परिसर : मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आपल्या अॅझुर या क्लाउड सेवेची तीन भारतीय केंद्रे उघडली, त्यांपैकी ‘सेंट्रल इंडिया’ या नावाचे केंद्र पुण्यात आहे. त्याच कंपनीने २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये सुमारे २५ एकर व २०२४ मध्ये हिंजवडीत १६.४ एकर जमीन खरेदी केली. ज्या विदेश संचार निगमाकडे आर्वीचे भूस्थानक होते, त्याचे नाव २००८ मध्ये टाटा कम्युनिकेशन्स झाले, आणि त्या कंपनीने २०१६ मध्ये विदाकेंद्रांच्या व्यवसायातील ७४ टक्के हिस्सा सिंगापूरच्या एसटी टेलिमीडियास दिला. त्या संस्थेचे एक विदाकेंद्र पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील दिघी येथे आहे. मोबाइलच्या अंगाने पाहता, व्होडाफोन आयडियाने एरिक्सनच्या साहाय्याने पुण्यात केलेल्या ५जी चाचणीत २०२१ मध्ये सेकंदाला ३.७ गिगाबिट वेग नोंदविला गेला. त्याच वर्षी एअरटेलने मानेसर येथे ५जीवरील क्लाउड गेमिंगचे प्रात्यक्षिक केले. ऑक्टोबर २०२२ पासून ५जी देशात सुरू झाले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग अधिकृतपणे भारतात आली.

मर्यादा : विदाकेंद्र जवळ आले तरी शेवटच्या काही मीटरांची अडचण उरतेच; चिखली-मोशीच्या दाट वस्तीत एकाच इमारतीतील अनेक राउटर एकाच लहरीवर बोलू लागले, की प्रकाशतंतूने कमावलेले मिलिसेकंद वाय-फाय गमावून बसते. दुसरी अडचण खर्चाची. २५ मेगाबिटांच्या प्रवाहाने तासाला सुमारे ११ गिगाबाइट विदा खर्च होते, म्हणजे रोज २ गिगाबाइट देणारा मोबाइल प्लॅन अकरा मिनिटांच्या आत आटोपतो. तिसरी अडचण मात्र धंद्याच्या मुळाशी आहे. कारखानदार आपल्या प्रेसवर तीन पाळ्या लावून तिची किंमत वसूल करतो, आणि तिचा माल जगात कोठेही धाडू शकतो. गेम चालविणाऱ्या संगणकाचा माल काही शेकडो किलोमीटरांपलीकडे टिकत नाही, आणि त्या परिघातील सर्व गिऱ्हाईक संध्याकाळी, कामावरून व कॉलेजातून परतल्यावर, एकदमच येते. पुण्यात दुपारी रिकामा असलेला संगणक अमेरिकेतल्या मध्यरात्रीच्या खेळाडूस देता येत नाही, कारण मधला विलंब त्याला खेळू देणार नाही. म्हणून अशा यंत्रांना दिवसा गणनाची अन्य कामे, विशेषतः उशीर चालणारी, जोडून देण्याचा प्रयत्न होतो. ती न मिळाल्यास संध्याकाळच्या एका पाळीच्या उत्पन्नावर चोवीस तासांचा इमला, वीज व थंडावा यांचा खर्च भागवावा लागतो.