आम्लपित्तावरील औषधे : गुण येण्याचा काळ

जठरातील आम्ल कमी करणाऱ्या औषधांना लागू पडण्यास काही मिनिटांपासून चार-पाच दिवसांपर्यंत वेळ लागतो. गोळी किती महाग किंवा किती ‘स्ट्राँग’ आहे, यावर हा वेळ ठरत नाही. आम्ल तयार होण्याच्या वाटेवर औषध कोणत्या टप्प्यावर काम करते, यावर तो ठरतो. पोटात जमलेल्या आम्लावर थेट पडणारे औषध लगेच गुण देते आणि लवकर ओसरते. आम्ल स्रवणाऱ्या पेशीपर्यंत जाणारे औषध उशिरा लागू पडते, पण टिकते.

बोलीत या त्रासाला सरसकट ‘पित्त’ म्हणतात आणि त्यातून बराच घोटाळा होतो. शरीरशास्त्रातील पित्त यकृतात तयार होते आणि ते आम्ल नसते. उलटीत शेवटी पडणारे कडू, पिवळे पाणी ते हेच. छातीत जळजळ करणारे आंबट पाणी मात्र जठराचे असते आणि येथे वर्णिलेली औषधे फक्त त्यावरच चालतात. त्यातील आम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचे इंग्लंडमधील वैद्य विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये मांडले. जठराच्या अस्तरातील ग्रंथी दिवसाला सुमारे दोन लिटर रस स्रवतात आणि उपाशीपोटी त्याचा पीएच साधारण १ ते २ असतो. आम्ल सोडण्याचा निरोप पेशीला प्रामुख्याने तीन रसायनांकडून मिळतो : हिस्टामिन, ॲसिटिलकोलीन व गॅस्ट्रिन. निरोप कोणाचाही असला, तरी शेवटचे काम पेशीतील एकाच प्रथिनाकडे असते. पोटॅशियम आत घेऊन हायड्रोजन आयन बाहेर ढकलणाऱ्या या प्रथिनाला प्रोटॉन पंप म्हणतात.

सर्वांत जलद गुण येतो तो साध्या आम्लशामकांना. खाण्याचा सोडा, कॅल्शियम कार्बोनेट, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड हे क्षार आम्लाशी थेट संयोग पावून त्याचा जोर मोडतात. त्यांना रक्तात शोषले जाण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून पाचेक मिनिटांत बरे वाटू लागते. पातळ औषध गोळीपेक्षा लवकर पसरते. चघळायची गोळी अख्खी गिळली, तर तिचा हा फायदाच जातो. रिकाम्या पोटी घेतलेले आम्लशामक अर्ध्या ते एका तासात पुढे सरकून जाते. जेवणानंतर तासाभराने घेतले, तर अन्नासोबत ते अधिक वेळ थांबते आणि दोन-तीन तास आराम देते. मॅग्नेशियमने जुलाब होतात, ॲल्युमिनियमने मलावरोध; बाजारातील बाटल्यांत दोन्ही एकत्र असतात ते बऱ्याच अंशी यासाठीच. सोड्याच्या फसफसणाऱ्या चूर्णात सोडियम भरपूर असल्याने रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी ते रोज घेणे बरे नाही. लोह, थायरॉईड किंवा काही प्रतिजैविकांच्या गोळ्या आणि आम्लशामक यांत काही तासांचे अंतर ठेवावे लागते, नाहीतर त्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. थंड दुधाचा घरगुती उपायही मिनिटांत शांतवतो; पण दुधातील प्रथिने व कॅल्शियम काही वेळाने आम्लस्राव पुन्हा वाढवतात.

दुसरा गट हिस्टामिनचा निरोप अडवणाऱ्या औषधांचा. त्याची जन्मकथा मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी, कारण आपण ‘अंगावर पित्त उठले’ असेही म्हणतो. त्या गांधींमागेही हिस्टामिनच असते. मात्र गांधी बसवणाऱ्या जुन्या हिस्टामिनविरोधी गोळ्यांनी जठरातील आम्ल कमी होत नसे. म्हणजे जठरातील पेशीवर हिस्टामिनचे ग्राहीस्थान वेगळे असले पाहिजे, हे धरून जेम्स ब्लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील वेल्विन गार्डन सिटी येथील प्रयोगशाळेत त्याला बसेल असा रेणू शोधला. १९७२ मध्ये ब्युरिमामाइड प्रसिद्ध झाले आणि १९७६ मध्ये सिमेटिडीन ब्रिटनच्या बाजारात आले. तोवर पोटाच्या व्रणासाठी वारंवार शस्त्रक्रिया कराव्या लागत. हे चित्र या गोळीने पालटले. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या गटातील औषधे आधी रक्तात शोषली जातात आणि मग पेशीपर्यंत पोहोचतात, म्हणून गुण यायला अर्धा ते एक तास लागतो. एक ते तीन तासांत परिणाम शिखरावर पोहोचतो आणि फॅमोटिडीनचा तो दहा-बारा तास टिकतो. रात्रीच्या जळजळीवर ही औषधे चांगली; तिखट-तळलेल्या जेवणाच्या तासभर आधी घेतली, तरी उपयोगी पडतात. रोज घेत राहिल्यास मात्र आठवडा-दोन आठवड्यांत त्यांचा प्रभाव उणावतो. एके काळी घरोघरी असलेले रॅनिटिडीन त्यातील एनडीएमए या अशुद्धीमुळे अमेरिकेत २०२० मध्ये बाजारातून हटवले गेले आणि २०२२ मध्ये भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही वगळले गेले.

आज सर्वाधिक लिहून दिला जाणारा आणि सर्वाधिक चुकीच्या वेळी घेतला जाणारा गट प्रोटॉन पंप रोधकांचा. त्याची सुरुवात १९८८ मध्ये स्वीडनमधील ओमेप्राझोलने झाली. पँटोप्राझोल, राबेप्राझोल, एसोमेप्राझोल ही त्याची भावंडे. जठरातील आम्लात हे औषध नासते, म्हणून त्यावर आम्लात न विरघळणारे आवरण चढवतात; गोळी चावू किंवा कुटू नये ती यामुळे. आवरण लहान आतड्यात विरघळते आणि औषध रक्तावाटे पुन्हा जठराच्या पेशीकडे येते. तेथील सूक्ष्म नलिकांत पोहोचल्यावर त्याला कार्यक्षम करते तेही आम्लच. मग ते पंपाला कायमचे चिकटते. परंतु चिकटते ते त्या घटकेला चालू असलेल्या पंपांनाच. रात्रभराच्या उपासात बहुतेक पंप निजलेले असतात, न्याहारीने ते जागे होतात. औषध रक्तात फार काळ राहत नाही, तासा-दोन तासांत त्याची मात्रा निम्मी होते. म्हणून पंप जागे होताना औषध हजर असावे, यासाठी गोळी न्याहारीआधी अर्धा ते एक तास घ्यायची. ‘उपाशीपोटी’ या सूचनेचा अर्थ एवढाच नेमका आहे. गोळी घेतली आणि दुपारपर्यंत काही खाल्लेच नाही, तर तिचा बराचसा भाग वाया जातो.

पहिल्या गोळीने काही पंप बंद पडतात, बाकीचे चालूच राहतात आणि रोज नवे तयार होतात. रोजच्या मात्रेने बंद पंपांची संख्या वाढत जाऊन तीन ते पाच दिवसांत परिणाम पूर्ण भरतो. एका गोळीने गुण आला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी कंपनी बदलणे किंवा रात्री भरपेट जेवून वर एक गोळी टाकणे, दोन्ही व्यर्थ. सुरुवातीच्या दिवसांत जळजळ सोसत नसेल, तर सोबत आम्लशामक घेता येते.

जपानमध्ये २०१५ मध्ये बाजारात आलेले व्होनोप्राझान हा उशीर टाळते. ते पंपावरील पोटॅशियमची जागा अडवते. त्याला आम्लाने कार्यक्षम व्हावे लागत नाही, जेवणाची वेळही पाळावी लागत नाही. पहिल्याच दिवशी त्याचा प्रभाव जवळपास पूर्ण दिसतो.

जळजळ थांबणे आणि जखम भरणे या निराळ्या गोष्टी आहेत. लक्षणे आठवड्यात शमली, तरी ग्रहणीव्रण भरायला साधारण चार आठवडे आणि अन्ननलिकेचा दाह जायला आठ आठवडे लागतात. व्रणामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असेल, तर प्रतिजैविकांवाचून व्रण पुन्हा उद्भवतो. उलट, कारणाविना महिनोन्‌महिने गोळी चालू ठेवणेही हिताचे नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका अभ्यासात, पोटाचा त्रास नसलेल्या निरोगी व्यक्तींना आठ आठवडे एसोमेप्राझोल देऊन ते बंद केले. त्यानंतरच्या आठवड्यांत त्यांपैकी ४४ टक्क्यांना आम्लाची लक्षणे जाणवली. नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. आम्ल दबलेले असताना गॅस्ट्रिन वाढते आणि गोळी थांबताच स्राव उसळतो. म्हणून दीर्घकाळ घेतलेली गोळी डॉक्टरांना विचारून उतरवीत न्यावी.

काळ्या रंगाची शौच, रक्ताची उलटी, गिळताना घास अडकणे, विनाकारण वजन घटणे यांपैकी काही असेल, तर औषधाला गुण येण्याची वाट पाहायची नसते. छातीत दाब, घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर तिथे ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पिऊन पडून राहण्यात मोलाचा वेळ जातो. आम्लशामकाने थोडे बरे वाटले, तरी तेवढ्यावरून हृदयविकार नाही असे ठरत नाही. ते ठरवायला ईसीजी आणि रक्ततपासणी लागते.