फांदीनं चालत आलेलं अंजीर



देगलूर भागातल्या आमच्या बचत गटात एक आजी आहेत. त्यांच्या परसात मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अंजिराचं जुनं झाड आहे. यंदा त्या जागी नव्या घराची भिंत येणार, म्हणून झाड जाणार. आम्ही विचारलं, "आजी, ही जात कोणती?" त्या म्हणाल्या, "जातबित ठाव नाही बाई. सासूनं माहेरातून फांदी आणली होती, तेवढं ठाव हाय." तेव्हा आम्ही हसलो. मग माहिती काढली, आणि कळलं की अंजिराचा इतिहास असाच असतो.

उंबर आणि अंजीर एकाच कुळातले. तेलंगणातून आपल्याकडं आलेल्या सुना उंबराला मेडी म्हणतात. दोन्हींचं फूल फळाच्या पोटात दडलेलं. म्हणूनच फार दिवसांनी दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल झालात' असं म्हणतो. पण दोघांत एक मोठा फरक आहे. उंबरात केंबरं शिरतात, बी धरतं, पाखरं ते बी टाकतात आणि विहिरीच्या कपारीतसुद्धा उंबर उगवतो. आपल्याकडचं खायचं अंजीर मात्र केंबरांवाचून पिकतं. त्याच्या बिया पोकळ राहतात. नवं झाड हवं तर फांदीच लावावी लागते. उंबर पाखरं लावतात, अंजीर माणसं लावतात.

ही विद्या फार जुनी. पश्चिम आशियात, जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिलगाल इथं उत्खननात नऊ जळकी अंजिरं मिळाली. ती सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची. ती फांदी लावून वाढवलेल्या झाडांची असावीत, असं संशोधकांनी २००६ मध्ये मांडलं. तसं असेल, तर गव्हाची शेती रुळायच्या आधीच कुणीतरी फांदी मातीत खोचली होती.

अंजीर हा शब्दही फारसी, बाहेरून आलेला. पण आपल्या मराठवाड्याच्या नावावर एक जात आहे, दौलताबादचं अंजीर. दौलताबाद म्हणजे यादवांची देवगिरी. १३२७ साली महंमद तुघलकानं राजधानी तिथं नेली. पुढं इब्न बतूता हा प्रवासी तिथं आला आणि तिथल्या द्राक्षं-डाळिंबांबद्दल लिहून गेला. असा तो फळबागांचा मुलूख. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत दौलताबाद आणि आपलं देगलूर एकाच निजामी राज्यात होते.

राजधानी दिल्लीला परत गेली, निजामी संपली, अंजीर राहिलं. याच दौलताबादी अंजिरातून निवड करून जास्त आणि चांगली फळं देणारा 'दिनकर' वाण निघाला. बाजारात मात्र पुणे अंजीर पुढं आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्याला असं नाव मिळत नाही, ते परसातलं झाड कोण जपणार? ते तुटलं की बी ठेवून परत आणता येत नाही. फांदी कुणाला दिली नसेल, तर जात तिथंच संपली.

म्हणून भिंतीचा पाया खोदायच्या आधी आम्ही आजींच्या झाडाच्या फांद्या घेतल्या. बोटाएवढ्या जाड, दीड वीत लांब, चार-सहा डोळ्यांच्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घेतला, दोन डोळे वर ठेवून पिशव्यांत लावल्या. ओल राहू द्यायची, पाणी साचू द्यायचं नाही. आपल्या काळ्या रानात रोप लावताना उंचवट्यावर लावा, नाहीतर मुळं कुजतात. चिकानं हात खाजतात, म्हणून तोडताना हाताला तेल लावा. आणि फळ झाडावरच पिकू द्या. कच्चं तोडलेलं अंजीर घरात गोड होत नाही आणि पिकलेलं दोन दिवसही टिकत नाही. त्यामुळं ते विकण्यापेक्षा सकाळी झाडाखाली वाटून खाण्यातच मजा.

झाड तुटलं त्या दिवशी आजी बाहेर आल्या नाहीत. पण पिशव्यांतल्या काही फांद्यांना आता पानं फुटलीत. पहिलं रोप आजींच्याच नव्या अंगणात जाणार आहे. गटाच्या वहीत कर्जाच्या हिशेबामागं आम्ही एक पान राखलंय: फांदी कुणी दिली, कुणी नेली. पहिल्या ओळीत आजींच्या सासूचं नाव लिहिलंय.

तुमच्या परसात असं झाड असेल, तर आजच एक फांदी शेजारणीला द्या.